हात वर, मशीन उठून राह्यली

३० सप्टेंबर, मंगळवार. उद्या खंडेनवमी. सकाळी ऑफिसात मशीनींची पूजा होईल, म्हणून आज जेवणाच्या सुट्टीनंतर सहाही कीबोर्ड साफ करायला घेतले. हे शिपायाचं काम आहे असं साहेब म्हणाले. बरोबर आहे. पण शिपाई ओल्या फडक्याने पुसतो आणि मग आठ दिवस अर्धी बटनं दाबली जात नाहीत. त्यापेक्षा मीच करते. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, मशीन बंद करून कीबोर्ड सोडवायचा, उलटा धरायचा, पाठीवर तीन चापट्या द्यायच्या आणि दाढीच्या ब्रशने बटनांच्या मधल्या फटी झाडायच्या. जे पडेल ते फेकायचं नाही. त्याची पुडी बांधायची आणि पुडीवर टेबलाचं नाव लिहायचं.

गेल्या महिन्यात रुजू झालेल्या आमच्या नव्या क्लार्क बाई हे सगळं बघत होत्या. पुड्या कशाला, असं त्यांनी शेवटी विचारलंच. सरांसाठी, म्हटलं. कोणते सर, हे सांगायला बसले तर कीबोर्ड राहिले असते, म्हणून तेव्हा सांगितलं नाही. आता कीबोर्ड झाले आहेत.

सरांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट नेरच्या बसस्टँडसमोर, कापडाच्या दुकानाच्या माडीवर होतं. आधी तिथे टाइपरायटर खडखडायचे. टाइपरायटरच्या परीक्षा बंद झाल्या आणि सगळं कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा सर पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांनी सगळे टाइपरायटर काढून टाकले, एक ठेवला, आणि आठ जुन्या मशीनी आणून रस्त्याकडच्या खिडकीखाली एका ओळीत मांडल्या. ठेवलेल्या टाइपरायटरवर ते फक्त नोटिसा काढत. कॉम्प्युटरवर का नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "ह्याले झोपेतून उठवा लागत नाई."

अंगाने काटकुळे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि लोक जिथे पेन लावतात त्या खिशात दाढीचा ब्रश. त्यांना स्वतःला दाढी करायचा कंटाळा होता, त्यामुळे हा ब्रश नेहमी कोरडा असायचा.

मी तिथे गेले ती हौसेने नाही. माझा नवरा याच ऑफिसात क्लार्क होता. तो गेला आणि अनुकंपावर त्याच्या जागी मला घेतलं. अट एकच, दोन वर्षांत मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली. घरात सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. त्याआधी मी कीबोर्डला कधी बोट लावलं नव्हतं. पहिल्या दोन परीक्षांत नापास झाले. तिसरी परीक्षा आली तेव्हा मुदत संपायला दीड महिना उरला होता. म्हणजे ती शेवटची.

पहिल्या दिवशी सरांनी मला टायपिंग शिकवलंच नाही. हात वर करायला शिकवलं.

मशीनचं बटन दाबलं की दोन्ही हात खांद्याच्या वर. पडद्यावर चित्र येईपर्यंत खाली आणायचे नाहीत. कीबोर्डवर वही नको, ओढणीचं टोक नको, बांगडी टेकायला नको. मी विचारलं, असं का. सर म्हणाले, "ताई, मशीन उठते तवा पह्यले अंधारात चाचपून पाह्यते. कीबोर्ड हाये का, कोनं बटन दाबून धरलं का. त्या टायमाले तुमचं बोट तिथी असलं त तिले वाटते कोनीतरी आपला हात धरला. झोपेतल्या मानसाचा हात धरा, मंग पाहा कसा वरडते."

मशीन ओरडायची म्हणजे टूं-टूं-टूं वाजायची. आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत यायचं, की कीबोर्डमध्ये दोष आहे किंवा कीबोर्डच नाही. पुढे जायचं असेल तर एफ वन दाबा. हे वाचून नवीन आलेला प्रत्येक जण हसायचा. कीबोर्ड नाही म्हणतं आणि बटन दाबा म्हणतं. सर हसायचे नाहीत. त्यांना या वाक्यातली दुसरीच गोष्ट लागायची. दोष समोर दिसतो आहे आणि माणूस एफ वन दाबून पुढे जातो, हे त्यांना सहन होत नसे. एफ वन दाबणं म्हणजे 'चालते न' म्हणणं. त्यांनी गावातल्या माणसांची सरळ वाटणी केली होती. स्कूटरचा ब्रेक लागत नाही आणि तरी चालवतो, तो एफवनवाला. नळ गळतो आणि खाली बादली ठेवतो, तोही. त्यांचे जावई पायाला काटा रुतला तरी चालत राहिले होते, म्हणून जावईसुद्धा एफवनवाले. हे ते जावयांच्या तोंडावर म्हणत.

तर रोज सकाळी आठ वाजता माडीवर आठ बाया-मुली खिडकीखाली ओळीने बसून दोन्ही हात वर करायच्या. रस्त्यावरून हे दिसायचं. गावाला सवय झाली होती. पण एकदा बसस्टँडच्या चौकात एक नवीन हवालदार ड्युटीवर आला. त्याने वर पाहिलं, आठ बायका हात वर करून बसलेल्या, आणि पाठमोरा एक पुरुष उभा. तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला, दार ढकललं, हातात काठी. सरांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "साहेब, तुमी बी हात वर करा, मशीन उठून राह्यली."

हवालदाराने केले. काठीसकट. चित्र आलं, सगळ्यांचे हात खाली आले, त्याचेही आले. मग त्याने विचारलं, इथं काय चालू आहे. सरांनी त्याला प्रवेशाचा फॉर्म दिला. पुढे तो हवालदार टायपिंग पास झाला.

मशीन ओरडली की सरांचा क्रम ठरलेला होता, आणि तो आमच्याकडून पाठ करून घेतलेला होता. आधी बंद. बंद केल्यावर दहा आकडे मोजायचे, ते तोंडाने, मनात नाही. मग मागची पिन पाहायची. जुन्या मशीनींना मागे दोन गोल छिद्रं असतात, जांभळं कीबोर्डचं आणि हिरवं माउसचं, आणि पिना हुबेहूब सारख्या. घाईत अदलाबदल होते. अर्ध्या तक्रारी तिथेच संपायच्या. पिन ठीक असेल तर कीबोर्ड उलटा करून तीन चापट्या. त्यानेही नाही झालं तर डोळे मिटायचे, कान कीबोर्डाजवळ न्यायचा आणि एकेक बटन दाबून ऐकायचं. चांगलं बटन खाली जाताना वाजतं आणि वर येताना वाजतं. अडकलेलं मुकं असतं. सर असे कान लावून बसले की टरबूज घ्यायला आलेल्या माणसासारखे दिसायचे. एवढं सगळं झाल्यावरच दुसरा कीबोर्ड लावायचा. आधी दुसरा लावून पाहणारा माणूस त्यांच्या मते एफवनवाल्याचा मोठा भाऊ.

गावातल्या सगळ्या ऑफिसांतून त्यांना बोलावणं यायचं. जाताना ब्रश आणि येताना पुडी. कीबोर्डातून काय पडलं ते कागदात बांधून, वर जागेचं नाव लिहून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. जिनिंगच्या ऑफिसातून कापसाचे तंतू आणि एखादी सरकी. शाळेतून पेन्सिलीची टोकं. बँकेतून स्टेपलच्या पिना आणि नखं. "हापिसात काम हाये का नाई ते पुडीत समजते," असं ते म्हणत. आमच्या ऑफिसाची पुडी सगळ्यांत जाड होती. मुरमुरे, शेव, तुरीच्या शेंगांची सालं.

त्या काळी आमच्याकडे असलेल्या एका साहेबांनी घरी शपथ घेऊन खर्रा सोडला होता. बायकोला दाखवायला एक दिवस तिला ऑफिसातही घेऊन आले, माझं टेबल बघ, किती स्वच्छ. नेमकी त्याच दिवशी त्यांची मशीन ओरडत होती आणि सर आलेले होते. बंद केलं, दहा मोजले, पिन पाहिली, कीबोर्ड उलटा केला, तीन चापट्या. वर्तमानपत्रावर सुपारीची खांडं आणि तंबाखूची पूड पडली, चांगली चिमूटभर. सरांनी ती ब्रशने एका जागी गोळा केली आणि बाईंकडे बघून समजावून सांगितलं, की मशीनचा काही दोष नाही, खर्ऱ्यानं अडून राह्यलं होतं. ताजा दिसते, असंही म्हणाले. साहेबांनी नंतर सहा महिने सरांना बोलावलं नाही. का, ते सरांना कळलंच नाही. त्यांनी दोष काढून दिला होता.

खंडेनवमीला सरांकडेही पूजा व्हायची, पण वरच्या माडीवर तांदळाला बंदी. कुंकू लावायचं ते टेबलाच्या पायाला, फूल ठेवायचं ते डब्यावर, म्हणजे सीपीयूवर. कोणी अक्षतांची वाटी आणली तर ते दारातच ती घ्यायचे आणि खाली कापडवाल्याच्या गल्ल्यावर वाहायचे. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या निम्म्या मशीनी ओरडतात, कारण लोक देवासारखी कीबोर्डवर मूठभर अक्षता टाकतात, हे त्यांनी बिस्किटाचा डबा उघडून, ओळीने लाल तांदळांच्या पुड्या दाखवून आम्हाला समजावलं होतं. मला ते समजलंही होतं. हे मुद्दाम लिहिते.

परीक्षा यवतमाळला होती, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. सर प्रत्येक परीक्षेला विद्यार्थ्यांबरोबर बसने यायचे. त्यांना आत सोडत नसत, तरी यायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जादा कीबोर्ड, त्याची वायर बाहेर लोंबणारी. गेटवरच्या पहारेकऱ्याने त्या दिवशी वायर पाहून त्यांना आवाराच्याही बाहेर उभं केलं.

माझ्याकडे दुसरी एक गोष्ट होती. सकाळी निघताना सासूबाईंनी देवाजवळच्या अक्षता कागदात बांधून दिल्या होत्या. "बाई, मशीनवर टाकजो," म्हणाल्या. मी देवभोळी नाही. पण दोनदा नापास झालेली होते, आणि त्या म्हाताऱ्या बाईने त्या दिवशी उपास धरला होता. जागेवर बसले. मशीनी अजून बंद होत्या. प्रत्येक बॅचच्या आधी सगळ्या बंद करून पुन्हा सुरू करत. मी इकडेतिकडे पाहिलं, पाच-सहा दाणे कीबोर्डवर टाकले, दोन्ही हात बटनांना लावून कपाळाला लावले, आणि दाणे पुन्हा वेचून कागदात ठेवले. सगळे वेचले असं वाटलं.

पर्यवेक्षक बाईंनी मशीनी सुरू करायला सांगितल्या. त्या बॅचमध्ये सरांच्या आम्ही चौघी होतो. चौघींचे हात वर गेले. बाईंना वाटलं प्रश्न विचारायचा आहे. काय हवंय, म्हणाल्या. आमच्यातली एक म्हणाली, "काही नाही मॅडम, मशीन उठून राह्यली."

तिघींच्या उठल्या. माझी ओरडली. हात वर असताना.

बाई आल्या, पडदा वाचला आणि म्हणाल्या, एफ वन दाबा, होतं असं. मी दाबलं. मशीन पुढे गेली, परीक्षेचं पान आलं, आणि नावाच्या रकान्यात आपोआप र उमटायला लागला. रररररर, रकाना भरेपर्यंत. बाई म्हणाल्या, मशीन खराब आहे, तुम्ही बाजूला बसा, मी वर कळवते.

वर कळवणे म्हणजे काय हे ऑफिसात दोन वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कागद वर जातो. खाली येईपर्यंत माझी मुदत संपली असती. बाकीची बॅच सुरू व्हायला दहा मिनिटं होती.

"मॅडम, मला दोन मिनिटं द्या. माझी नोकरी आहे याच्यावर."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मी मशीन बंद केली आणि तोंडाने दहा आकडे मोजले. शेजारच्या मुलाला वाटलं मी रामनाम घेते आहे. मागे हात घालून पिन पाहिली, जांभळ्यात जांभळी. कीबोर्ड उलटा करून तीन चापट्या दिल्या, काही पडलं नाही. मग डोळे मिटले आणि कान खाली नेला. पर्यवेक्षक बाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी एका हाताने त्यांना थांबवलं आणि दुसऱ्या हाताने बटनं दाबत गेले. सगळी वाजली. र वाजला नाही.

केसातली पिन काढून र च्या खाली सरकवली आणि उचकटली. लाल तांदळाचा अर्धा दाणा बाहेर उडाला. तो मी उचलून हॉलतिकिटाच्या घडीत ठेवला. मशीन सुरू केली, हात वर केले. पर्यवेक्षक बाई माझ्या मागेच होत्या. त्यांनी हात वर केले नाहीत, पण पाठीमागे बांधले एवढं मला दिसलं. मशीन काही न विचारता उठली.

बाहेर आले तेव्हा सर गेटसमोरच्या दगडावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही.

"उठली का?"

"आधी नाही उठली. कचरा होता."

"दाखवा."

मी हॉलतिकीट उघडलं. त्यांनी दाणा तळहातावर घेतला, उन्हात धरला, ब्रशने हलकेच उलटा केला. माझी मान खाली.

"ह्याले कुंकू लागलं हाये, ताई."

"हो."

"कोनत्या बटनाखाली?"

"र."

त्यांनी खिशातून कागद काढून पुडी बांधली. वर लिहिलं, यवतमाळ, परीक्षा, र. माझं नाव लिहिलं नाही. परतीच्या बसने आम्ही नेरला आलो. बसस्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "पास झाल्या त पेढे नका आनू. साखर आत जाते."

पास झाले, काठावर. नोकरी राहिली. मुलगी शिकली. पेढे नेले नाहीत, एक नवा दाढीचा ब्रश नेला. तो त्यांनी ठेवून घेतला आणि स्वतःचा जुना मला दिला. नवा ब्रश केस सोडतो म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी त्यांना कानांनी कमी ऐकू यायला लागलं. बटन मुकं आहे की आपण, हे समजत नाही, असं म्हणून त्यांनी इन्स्टिट्यूट बंद केलं आणि उमरखेडला मुलीकडे राहायला गेले, त्याच एफवनवाल्या जावयाच्या घरी. जावयाने म्हणे आता नळ दुरुस्त करून घेतला. महिन्या-दोन महिन्यांनी सरांचा फोन येतो. ते मोठ्याने बोलतात, मीही मोठ्याने बोलते, अख्खं ऑफिस ऐकतं. मशीनी ओरडतात का, हे पहिलं विचारतात. मी सांगते, की आता नव्या आल्या, चपट्या पिनेच्या. कीबोर्ड नसला तरी तशाच सुरू होतात, काही विचारत नाहीत. हे त्यांना आवडत नाही. "मशीनी बी एफवनवाल्या झाल्या," म्हणतात. मग विचारतात, पुड्या कधी पाठवता.

तर आज पाच कीबोर्डांच्या पाच पुड्या झाल्या. आवक-जावकच्या टेबलातून शेंगदाण्याची टरफलं. लेखा विभागातून रबराचा चुरा आणि एक तुरीचा दाणा. साहेबांच्या कीबोर्डातून काहीच नाही. तशी रिकामी पुडी बांधून नाव लिहिलं, तीही माहितीच आहे. नव्या क्लार्क बाईंच्या कीबोर्डातून बिस्किटाचा चुरा निघाला आणि त्या लाजल्या. म्हटलं, लाजू नका, दोन वर्षांत टायपिंग पास व्हा. त्याही अनुकंपावरच्याच आहेत. उद्याच्या पूजेसाठी त्यांनी आत्तापासून वाटीभर अक्षता कुंकवात कालवून आणून ठेवल्या आहेत.

माझा कीबोर्ड शेवटी घेतला. उलटा केला, तीन चापट्या दिल्या. एक तांदूळ पडला. लाल.

गेल्या खंडेनवमीला बढतीची यादी लागायची होती. ऑफिसात कोणी नव्हतं. एवढंच.

पुडी बांधली. वर लिहिलं, नेर, माझं टेबल, र च्या बाजूला.

१ ऑक्टोबर. सकाळी लवकर बसस्टँडवर गेले आणि अमरावतीहून येणाऱ्या उमरखेडच्या गाडीची वाट पाहिली. सहा पुड्यांचा डबा सुतळीने बांधून कंडक्टरच्या हातात दिला, उमरखेडला जावई घ्यायला येतील म्हणून सांगितलं. कंडक्टरने डबा कानाशी नेऊन हलवून पाहिला. आत काय आहे विचारलं.

"कचरा आहे," म्हटलं. "सांभाळून न्या."

तिथून ऑफिसात गेले. अक्षतांची वाटी उचलून लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि किल्ली नव्या क्लार्क बाईंच्या हातात दिली. पूजा होईपर्यंत मी मागितली तरी द्यायची नाही, असं सांगितलं. मग मशीन सुरू केली आणि हात वर केले.